वहिनी ऊर्फ आई

अर्जाला उत्तर आलं, आणि त्यात धाकट्याच्या आईला कायमच्या वास्तव्याची मंजुरी मिळाली होती. दादांना आणि वहिनींना मात्र मिळाली नव्हती. या आनंदाच्या बातमीत अडचण एवढीच होती, की धाकट्याची आई म्हणजे वहिनीच.

शनिवारची दुपार होती. सूनबाई धुतलेले कपडे दोरीवर टाकत होती. नवरा संगणकासमोर बराच वेळ हलला नाही म्हणून ती ओला टॉवेल हातात घेऊनच त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय हो, कोण मंजूर झालं?"

"आई."

"आणि नामंजूर?"

"दादा आणि तुझी आई."

"माझी आई? तिने अर्ज कधी केला?"

"तुझी आई म्हणजे तुझी नाही गं. तू जिला आई म्हणतेस ती. माझी वहिनी."

"मग मंजूर झालेली आई कुठली?"

"मी जिला आई म्हणतो ती."

सूनबाईने टॉवेल खुर्चीवर टाकला आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीवर बसली. तिला पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी डोक्याला ताप देऊ नका असं सांगितलं होतं.

इथे थोडं थांबून या घराची बाराखडी सांगायला हवी. धाकट्याचे वडील पाच भावंडांत थोरले. बाकीची चार भावंडं त्यांना दादा म्हणायची, त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायची आणि स्वतःच्या आईला आई. त्या भरल्या घरात धाकटा जन्मला आणि जे कानावर पडलं तेच बोलायला लागला. बापाला दादा, आईला वहिनी, आजीला आई. घरातलं शेंडेफळ म्हणून त्याला स्वतःला सगळे धाकटा म्हणायचे. अशी घरं आपल्यात काही कमी नाहीत. हे वाचणाऱ्यांतही जन्मदात्या आईला काकू किंवा ताई म्हणत वाढलेले कितीतरी निघतील, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. फक्त अशा माणसांनी परक्या सरकारला आपली पत्रं दाखवू नयेत.

धाकट्याला ती दाखवावी लागली. त्याच्या जन्माची नोंद ज्या वहीत होती ती वही कधीकाळी भिजून गेली होती. मागाहून काढलेला दाखला होता, पण कार्यालयाने कळवलं, की दाखला फार उशिराचा आहे, नात्याचा आणखी काही पुरावा जोडा, जुना पत्रव्यवहार चालेल. पत्रव्यवहार म्हटल्यावर वहिनींना आनंदाचं भरतं आलं. धाकटा वसतिगृहात होता तेव्हाची त्याची सगळी पत्रं त्यांनी कुकरच्या खोक्यात जपून ठेवली होती. त्यातली अकरा त्यांनी निवडली, धाकट्याने ती सरकारमान्य अनुवादकाकडे दिली आणि अनुवादकाने शब्दाला शब्द ठेवून अनुवाद केला. धाकट्याने तो न वाचताच जोडला, कारण स्वतःची सोळाव्या वर्षीची पत्रं वाचायची त्याला लाज वाटली.

पत्रं साधारण अशी होती: "प्रिय वहिनी, इथलं जेवण बरं आहे पण तुझ्या हातचं नाही. दादांना सांगू नकोस, पण मी गणितात नापास झालोय. आईला म्हणावं गुडघ्यांना जप. तुझा धाकटा."

कार्यालयातल्या माणसाने ही पत्रं नीट वाचली, हाच त्याचा अपराध. त्याला त्यात एक सुखी कुटुंब दिसलं. म्हातारी आई, कडक स्वभावाचा थोरला भाऊ, मायाळू भावजय आणि तिच्याजवळ मन मोकळं करणारा धाकटा दीर. कुटुंब चांगलंच होतं, फक्त दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. पालक आणि आजीआजोबांना बोलावण्याच्या या योजनेत भाऊ-भावजय बसत नाहीत, तरी तीस दिवसांत खुलासा करावा, नाहीतर त्या दोघांचा अर्ज बंद करण्यात येईल, असं त्याने सभ्य शब्दांत कळवलं होतं.

अर्ज बंद होणं म्हणजे काय ते धाकट्याला पक्कं माहीत होतं. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून नावं काढायचे. त्याचं नाव निघायला चार वर्षं लागली होती. पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता. चौदा वर्षं तो या शहरात लिफ्ट दुरुस्त करत होता आणि चौदा वर्षांत वहिनी त्याच्या घरी एक दिवस राहिली नव्हती. आता घरात बाळ येणार होतं. सूनबाईची स्वतःची आई तिच्या वडिलांच्या आजारपणामुळे जागची हलू शकत नव्हती. बाळंतपण नाही साधलं, तरी बाळाचं पहिलं वर्ष तरी वहिनीच्या मांडीवर जावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने घरी फोन लावला. पडद्यावर तिघंही ओळीने बसली होती. त्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला सगळे आईच म्हणत असले, तरी वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी आपण तिला आजी म्हणू.

"मी मंजूर?" आजी म्हणाल्या. "एकटी मीच?"

"सध्या तरी."

"बघ दादा," त्या आपल्या मुलाकडे वळल्या, "सरकारला माणसाची पारख असते." गेली चार वर्षं 'तिकडे थंडी असते, मी काही येत नाही' म्हणणाऱ्या आजी त्याच दिवशी बॅग काढून बसल्या. "तुमचं व्हायचं तेव्हा होऊ दे. मी पुढे होऊन घर बघून ठेवते."

दादांचं मात्र धाकट्याने फोनवर पाठवलेल्या त्या पत्रातल्या भलत्याच ओळीकडे लक्ष गेलं होतं. कार्यालयाने पुरावा म्हणून पत्रांतले उतारे दिले होते.

"तू गणितात नापास झाला होतास?"

"दादा, त्याला बावीस वर्षं झाली."

"आणि हिला माहीत होतं?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या. दादा तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून निवृत्त झाले होते आणि आपल्या पाठीमागे काही झालेलं त्यांना खपत नसे. ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तीस दिवसांतले दोन असे रुसव्यात गेले.

तोवर धाकटा अनुवादकाकडे जाऊन आला. किल्ल्या बनवण्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश आणि मधे गोल शिक्का. अनुवादक पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, आणि ते अजूनही समोरच्याला तिसऱ्या बाकावर बसवल्यासारखंच बोलायचे.

"वहिनी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"माझी आई."

"शब्दाचा अर्थ विचारला मी."

"मोठ्या भावाची बायको."

"बरोबर. मी काय लिहिलंय?"

"मोठ्या भावाची बायको."

"मग चूक कुठे आहे?"

"अहो, पण ती माझी आई आहे!"

"ते तुम्ही तिला सांगायला हवं होतं," अनुवादक म्हणाले. "मला काय म्हणून सांगताय? तुम्ही आईला आई म्हणाला असता तर मी आई लिहिलं असतं. माझं काय वैर आहे का तुमच्याशी?"

शिक्का मारलेला अनुवाद बदलता येत नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. शेवटी धाकट्याचा चेहरा बघून त्यांना दया आली आणि त्यांनी एक स्पष्टीकरण जोडून द्यायचं कबूल केलं. मन लावून त्यांनी दोन पानं लिहिली. त्यांचं सार असं, की या भाषेच्या घरांत माणसाला तो आपला कोण लागतो यावरून हाक मारत नाहीत, तो दुसऱ्या कोणाचा तरी कोण लागतो यावरून मारतात. स्पष्टीकरण अगदी खरं होतं. त्यावरही त्यांनी शिक्का मारला.

इकडे दादांचा रुसवा संपला होता, आणि तो होता तोच बरा होता असं म्हणायची वेळ आली.

"तू काळजी करू नकोस," ते फोनवर म्हणाले. "आता मी बघतो. मी लिहून देतो त्यांना."

"लिहून काही देऊ नका दादा."

"सरकारी पत्र कसं लिहायचं ते तू मला शिकवू नकोस. गणितातला माणूस नाहीस तू."

दादांनी गल्लीतल्या तीन प्रतिष्ठित माणसांचं प्रतिज्ञापत्र केलं. एक डॉक्टर, एक हेडमास्तर आणि एक शिंपी. तिघांनी शपथेवर लिहून दिलं: "आमचे दादा आणि आमच्या वहिनी यांना आम्ही गेली तीस वर्षं जवळून ओळखतो. धाकटा आमच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झाला." जोडीला आणखी एक भक्कम पुरावा हवा, म्हणून सूनबाईने लग्नानंतर वहिनींना लिहिलेलं एक पत्रही दादांनी त्यात घातलं. सासू-सुनेचं किती पटतं हे सरकारला दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र सुरू होत होतं, "प्रिय आई, तुमची खूप आठवण येते." हे सगळं दादांनी परस्पर अनुवादकाकडे पाठवलं, आणि अनुवादकाने ते शब्दाला शब्द ठेवून परस्पर कार्यालयाकडे.

विसाव्या दिवशी दुसरं पत्र आलं. धाकट्याने ते उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवलं.

"आपण अर्जात 'भावंडे: एकही नाही' असे लिहिले आहे," कार्यालयाने म्हटलं होतं. "सोबतच्या प्रतिज्ञापत्रावरून आपल्याला किमान चार थोरले भाऊ असल्याचे दिसते. पैकी एक डॉक्टर, एक मुख्याध्यापक व एक शिंपी आहे. कुटुंबातील व्यक्ती लपवणे हा गंभीर प्रकार समजला जातो. तसेच अर्जदार क्रमांक दोन या आपल्या पत्नीच्या मातोश्री असल्याचे पत्र क्रमांक बारावरून दिसते. म्हणजेच आपल्या थोरल्या भावाचा विवाह आपल्या सासूबाईंशी झालेला आहे. याला कायद्याची हरकत नाही, परंतु तसे कळवायला हवे होते. अनुवादकांच्या स्पष्टीकरणानुसार आपल्या घरात व्यक्तींना त्या जे नाहीत त्या नावाने हाक मारली जाते. तरी सोबतच्या कागदपत्रांतील कोणते शब्द नेहमीच्या अर्थाने घ्यावेत, याची यादी पाठवावी."

"वाचून दाखवा ना," सूनबाई म्हणाली.

"तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"वाचा."

त्याने वाचलं. सूनबाई पोट धरून इतकी हसली की त्याला भीती वाटायला लागली. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता रडू येतंय. येतील ना हो त्या?"

थुंकीची तपासणी करून नातं सिद्ध करायची सोय होती, पण प्रयोगशाळेची पहिली मोकळी तारीख मुदत संपल्यावर सव्वा महिन्याने होती. राहिला एकच मार्ग. पत्राच्या शेवटी मुलाखतीची तारीख दिली होती. धाकट्याने कार्यालयात हजर राहायचं, तिघांनी घरून पडद्यावर दिसायचं आणि दुभाषी मधे बसणार. त्या दिवशी नातं पटलं तर पटलं.

"म्हणजे तोंडी परीक्षा," दादा म्हणाले. "मग तालीम करायला हवी. अधिकाऱ्यासमोर हा तिला वहिनी म्हणाला की संपलं."

रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. नियम सोपे होते. वहिनी म्हणजे आई, दादा म्हणजे बाबा, आई म्हणजे आजी.

"आई!" धाकट्याने पडद्यावरून हाक मारली.

"काय रे?" आजी म्हणाल्या.

"तू नाही आई," दादा म्हणाले.

"मी नाही? मग तू आत्ता मला काय म्हणालास?"

"मी म्हणायचं. त्याने नाही म्हणायचं."

"पासष्ट वर्षं झाली, आई म्हटलं की मी ओ देते. शेजारचेसुद्धा म्हणतात, मी त्यांनाही ओ देते. आता म्हातारपणी ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकू का?"

"आठवडाभर फक्त."

"आणि मंजूर कोण झालंय? मी. नामंजूर माणसांनी मला शिकवू नये."

'बाबा' या हाकेला तर कोणीच ओ देईना. दादा प्रत्येक वेळी दाराकडे बघायचे. आणि वहिनी? वहिनी त्या आठवड्यात फार बोलल्या नाहीत. धाकटा 'आई' म्हणाला की त्या मान खाली घालून 'हं' म्हणायच्या, तेसुद्धा दादांनी कोपर मारल्यावर. धाकट्याचीही जीभ अडखळत होती. हा शब्द तो आयुष्यभर रोज वापरत आला होता, पण त्याचा चेहरा दुसरा होता.

मुलाखतीची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर पडदा. अधिकारी बाई पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. शेजारी दुभाषी बाई, समोर धाकटा आणि सूनबाई. पडद्यावर तिघं ओळीने. आजींनी तोंड उघडू नये म्हणून दादांनी त्यांना चघळायला एक गोळी दिली होती आणि ती गालात फुगलेली स्पष्ट दिसत होती.

"सुरुवात सोपी करू," अधिकारी बाई म्हणाल्या आणि दुभाषींनी ते सांगितलं. "आईला हाक मारा. नेहमी मारता तशी."

धाकट्याने घसा साफ केला. "आई."

आजींनी तोंडातली गोळी काढून हातात घेतली. "बोल रे राजा."

अधिकारी बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. दादांनी कपाळाला हात लावला.

"आता वडिलांना."

"बाबा," धाकटा म्हणाला.

दादांनी मागे वळून बघितलं. मागे कपाट होतं.

सूनबाईने टेबलाखाली धाकट्याचा हात धरला. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि थेट वहिनींकडे बघून एक प्रश्न विचारला. दुभाषींनी तो हळू आवाजात सांगितला. "त्या विचारतायत, हा मुलगा तुमचा आहे असं तुम्ही म्हणता. त्याने आई अशी हाक मारली. मग तुम्ही ओ का नाही दिलीत?"

"मला मारली होती का?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, आईंना मारली."

दादा काहीतरी बोलायला गेले. वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं असावं, कारण दादा खरंच थांबले.

"खरं सांगू का बाई?" वहिनी म्हणाल्या. "हा लहान होता ना, तेव्हा मी याला स्वयंपाकघरात घेऊन बसायचे. म्हणायचे, म्हण, आई. हा म्हणायचा, आई. आणि उठून आईंकडे पळायचा. दोन वर्षं मी हे केलं. फार वाईट वाटायचं हो. पोटचं पोर आणि मी त्याची वहिनी. पण घरात दहा माणसं, मी सगळ्यांत नवी. कोणाला सांगणार? मग एकदा याला ताप आला. खूप चढला. तापात माणूस आईलाच हाक मारतो ना? हा डोळे मिटून नुसता वहिनी, वहिनी करत होता. आई शेजारीच बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघेना. त्या दिवशी मी शिकवणं सोडून दिलं. आता हा आई म्हणतो तर मला कळतच नाही की मला म्हणतोय. ही माझी चूक असेल तर तसं लिहा. पण याने काही लपवलेलं नाही. याला काही लपवता येत नाही, गणितातलं सोडून."

दुभाषींनी पहिली दोन वाक्यं सांगितली आणि त्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मग सगळं शेवटपर्यंत सांगितलं. ते सांगून होईपर्यंत धाकट्याला धीर निघाला नाही.

"वहिनी," तो म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले.

"ओ," वहिनी ताबडतोब म्हणाल्या. "रडू नकोस. बाई लिहितायत."

बाई लिहीत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. मग काहीतरी म्हणाल्या आणि दुभाषींना ते सांगताना हसू आलं. "त्या म्हणतायत, त्यांची मुलगी त्यांना नावाने हाक मारते. त्यांना ते अजिबात आवडत नाही. पण त्या ओ देतात."

नऊ दिवसांनी तिसरं पत्र आलं. तिघांचंही नातं मान्य झालं होतं. खाली तक्ता होता आणि त्यात क्रमांक दोनसमोर छापलं होतं, "आई. वहिनी या नावाने ओळखली जाते." डॉक्टर, हेडमास्तर आणि शिंपी यांना भावंडांच्या यादीतून वगळल्याचंही कळवलं होतं. नाराज एकट्या आजी झाल्या.

"मला आईची आजी केली," त्या म्हणाल्या. "चांगली वर होते, खाली उतरवलं."

तिघं आली तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं. दोन खोल्यांचं घर भरून गेलं. दादांनी घरातल्या सगळ्या नळांची पाहणी करून दोन नळ नव्याने बसवून घेतले. आजी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांना हात करायच्या, आणि महिन्याभरात ती माणसंही त्यांना हात करायला लागली. बाळाला अंघोळ घालणं, झोपवणं, त्याच्याशी तासनतास गप्पा मारणं हे वहिनींकडे होतं. सूनबाई सहा महिन्यांनी चष्म्याच्या दुकानातल्या आपल्या नोकरीवर परत गेली. लोकांचे डोळे तपासायची आणि संध्याकाळी घरी आली की तिघं एकदम तिच्यावर तुटून पडायची. सूनबाई, चहा घेतेस का? सूनबाई, दमलीस का गं? सूनबाई, तुझा फोन वाजतोय.

बाळ तेरा महिन्यांचं झालं तेव्हा एका संध्याकाळी ते भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं, आईकडे बघून दोन दात दाखवून हसलं आणि खणखणीत आवाजात म्हणालं, "ऊनबाई!"

घर हसून लोळलं. दादांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने ते पुन्हा म्हणवून घेऊन फोनवर टिपून ठेवलं. सूनबाईही हसली, त्याला उचलून घेतलं, त्याचे पापे घेतले आणि थोड्या वेळाने वाळलेले कपडे काढायला म्हणून आत गेली. कपडे पाच होते. तिला यायला वीस मिनिटं लागली.

हसल्या नव्हत्या त्या एकट्या वहिनी. दुसऱ्या दिवशी सूनबाई दुकानात गेल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"आजपासून तिला कोणी सूनबाई म्हणायचं नाही. सगळ्यांनी आई म्हणायचं."

"मी?" दादा म्हणाले. "मी माझ्या सुनेला आई म्हणू? सत्तरी जवळ आल्यावर?"

"हो."

"आणि आईने काय म्हणायचं?"

"आईंनीही आईच म्हणायचं."

"वहिनी, अगं, कसं वाटेल ते?" धाकटा म्हणाला. "मी बायकोला आई म्हणणार?"

"चार-पाच महिने म्हणा. पोराच्या कानावर पडलं की झालं. माझ्या वेळी घरात दहा माणसं होती आणि मला तोंड उघडायची हिंमत नव्हती. इथे चारच माणसं आहेत आणि आता मला हिंमत आहे."

आजी बराच वेळ नातसुनेच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा सांगायचंस गं मला. मी ओ दिली नसती."

संध्याकाळी सूनबाई दारातून आत आली, चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली. बाळ जमिनीवर बसून चमच्याने डबा बडवत होतं. आजींनी खिडकीतून मान वळवली आणि मोठ्याने, अगदी स्पष्ट म्हणाल्या, "आई, माझा चष्मा कुठे ठेवलास गं?"

सूनबाईने इकडेतिकडे पाहिलं. "मला म्हणताय?"

"मग कोणाला? माझी आई जाऊन पन्नास वर्षं झाली."

"आई दमून आलीय, तिला आधी पाणी द्या," दादा पाठ केल्यासारखं म्हणाले आणि लाजून नळाकडे बघायला लागले. धाकट्याने पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला. "घे आई," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

सूनबाई पेला हातात धरून उभी राहिली. तिने वहिनींकडे बघितलं. वहिनी काही न बोलता कणीक मळत होत्या. सूनबाई पाणी न पिताच त्यांच्याजवळ गेली आणि पिठाच्या हातांसकट तिने त्यांना मिठी मारली. वहिनी म्हणाल्या, "अगं, कपडे खराब होतील," पण मिठी त्यांनीही सोडवली नाही.

बाळाने चमचा खाली ठेवला. आजींकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं, आणि मग आपल्याकडे कोणाचंच लक्ष नाही असं पाहून वहिनी आणि सूनबाई नवऱ्यांना मारतात त्या सुरात हाक मारली:

"अहो!"

"काय?" दादा आणि धाकटा एकदमच म्हणाले.

वहिनींनी सूनबाईच्या खांद्यावरून दोघांकडे पाहिलं. "तुमचं उद्या बघू," त्या म्हणाल्या.